डेकखालच्या पाचरी आणि नातीचे दुपटे

मी, होड्या बांधण्यात जन्म गेलेला म्हातारा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. काल रात्रभर मी जागाच होतो. अक्षर वाकडे दिसल्यास दोष जावयाला द्यावा.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला.

२. मोठी करवत धाकट्या भावाला. ती उसनी नेल्यापासून त्याच्याकडेच आहे. आता निदान हक्काची होईल.

३. शिडाची होडी जावयाला द्यायचे ठरले होते. ते रद्द.

डोलकाठी डेकच्या भोकातून थेट तळापर्यंत जाते. भोकात तिच्याभोवती लाकडी पाचरी ठोकून तिला घट्ट धरावे लागते, नाहीतर वाऱ्यात ती हलत राहते आणि एका लाटेसरशी मोडते. वरून पाणी झिरपू नये म्हणून ताडपत्री बांधतात. काल मी ती सोडली. आत एकही पाचर नव्हती. माझ्या दिवंगत पत्नीने नातीसाठी शिवलेले दुपटे तिथे कोंबले होते. मी ते उपसून काढले आणि जावयाला हाक मारली.

"पाचरी कुठायत, जावईबापू?"

"काढल्या, बाबा. रात्रभर कुरकुरायच्या, पोरगी झोपायची नाही. आता बघा, कसं गप्प आहे सगळं."

"कधी काढल्या?"

"मागच्या फेरीच्या आधी."

म्हणजे माझी मुलगी आणि नात त्या सुट्या काठीखाली समुद्रात जाऊन आल्या, आणि मी धक्क्यावरून हात हलवत होतो. मी पाचरी शोधत सुटलो. एक पाचर त्यांच्या घरी दाराखाली सापडली, दार आपटू नये म्हणून लावलेली.

होडी नातीला. ती सज्ञान होईपर्यंत मुलीने सांभाळावी. निघण्याआधी प्रत्येक पाचर हाताने चाचपावी. लाकूड कुरकुरणारच. पोरगी झोपत नसेल तर बापाने खांद्यावर घेऊन फिरवावे.

४. लाकडी हातोडा या कागदात नाही. तो कालच जावयाच्या हातात दिला आणि समोर उभा राहून नव्या पाचरी बसवून घेतल्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून दुसरा साक्षीदार तोच.

ठिकाण: धक्क्यावरची शेड
दिनांक: ९ एप्रिल
सही: होडी बांधणारा

साक्षीदार १: शेजारचा शिडे शिवणारा (सही)

साक्षीदार २: जावई (सही). वाचलं, बाबा. पाचरी आज परत चाचपल्या. दुपटं तीनदा धुतलं, काठीचा डाग निघत नाही. तसंच पांघरलंय पोरीला.