स्टुलापासून सात पावलं

४ मार्च
काय रे पाना, काल कुठवर आलो होतो? विसरलास ना! तुझं बरं आहे, उलटलं की मागचं सगळं मागे. मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारच्या मास्तरीणबाई लिहितात. त्यांना शपथ घातलीय — घरात चकार शब्द नाही.

तर पुन्हा सांगते. माझ्या डोळ्यांमागचा पडदा गेला. डॉक्टर म्हणाले, "आता नजर परत येणार नाही." घरी सांगितलं, थेंब दिलेत! खरं कळलं तर नात प्रयोगशाळा सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल. तिची तीन वर्षांची मेहनत मातीत.

६ मार्च
दमले. स्टुलापासून दार सात पावलं. मोरी गालिच्याच्या कडेकडेनं. दिवसभर मोजून मोजून जीव शिणतो.

९ मार्च
नातीचा फोन. अंड्यातल्या पिल्लाच्या डोळ्यात म्हणे साखर शोधते! म्हटलं, "मुंग्या लागतील गं."
हसली. "खायची नव्हे गं आजी. डोळ्याचा पडदा घडत असतो ना, तेव्हा तिथल्या काही रेणूंना साखरेच्या लांब माळा लटकलेल्या असतात. मेंदूकडे निघालेला नसेचा धागा त्यांना अडतो, वळतो, वाटेला लागतो. मी ती साखर काढून टाकली, तर धागे भलतीकडेच गेले!"
म्हणजे आंधळ्याला कुंपणच की.

१२ मार्च
सूनबाईनं खोली आवरली. स्टूल हलवलं, गालिचा उन्हात टाकला. मी आपली सात पावलं मोजली — आणि थेट कपाटात!
"अहो आई, कपाटात कुठे निघालात?"
"जुन्या कपड्यांना भेटायला."
ती हसली, मीही हसले. गुडघा अजून ठणकतोय. संध्याकाळी फोनवर लेकीला, म्हणजे माझ्या नातीला, हीच गंमत सांगत होती. पलीकडून हसू काही आलं नाही.

१३ मार्च
पडून. सांगण्यासारखं काही नाही.

१४ मार्च
सकाळी हात पुढे केला — स्टूल जागेवर! पायाखाली गालिचा. सूनबाई नाक ओढत म्हणाली, "तुमच्या नातीनं बजावलंय, आजीची एक वस्तू हलवायची नाही."

मास्तरीणबाई, शपथ सुटली. नातीला कळवा: निघू नकोस, पिल्लांचे डोळे पुरे कर. आणि संत्री पाठव, करंडीभर. आंबट चालतील, वासाची हवीत. दाराशी, मोरीशी, कपाटाशी, कुठे कुठे ठेवायची ते मी सांगेन.