मी आर्ट्सला जातेय

१४ मे
दहावीला ८८.४० टक्के. काल निकाल, पेढे, आणि आज सकाळपासून फोन. सगळ्यांचा एकच प्रश्न, "सायन्स ना?" विचारत नाहीतच, सांगतात. मी दोनदा "आर्ट्स" म्हटलं. दोन्ही वेळा आईनं फोन काढून घेतला आणि "चेष्टा करतेय हो ती" म्हणाली.
चेष्टा कसली! अकरावीला सायकॉलॉजी, मग त्यातच बी.ए., एम.ए. नववीपासून घसा कोरडा करतेय. तेव्हा सगळे हो हो म्हणायचे. मार्क कमी पडतील असं वाटत असणार त्यांना.

१७ मे
चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. "भावी डॉक्टर कु. समीक्षा हिचे हार्दिक अभिनंदन." माझा फोटो आधार कार्डावरचा. खाली शुभेच्छुकांची रांग, प्रत्येकाचं तोंड माझ्यापेक्षा मोठं. ठाण्यातली अख्खी कोपरी वाचतेय. मला विचारलं कुणी?
बाबांना म्हटलं, उतरवायला सांगा. तर म्हणे, "लोकांनी प्रेमानं लावलाय." प्रेमानं लावला म्हणून मी एमबीबीएस करू? हे तोंडावर बोलले. बाबा ताटावरून उठले. वाईट वाटलं, पण शब्द मागे घेणार नाही.

२० मे
बाबांनी कोलशेतच्या त्यांच्या कंपनीतल्या साहेबांकडून सल्ला आणला. आधी सायन्स, मग डॉक्टर, मग मनाचं काय ते शीक. "तुझं पण झालं, आमचं पण झालं!" इतके खूश होते की मला कसंतरीच झालं. तरी सांगितलं. तो मानसोपचारतज्ज्ञ, तो औषधं देतो. मला माणसासमोर बसून त्याच्याशी बोलायचंय, त्याचंही शास्त्र असतं.
"बोलायला काय शिकायचं? तू तर दिवसभर बोलतेस."
आई हसली. मीही हसले, आणि मग डोकंच सटकलं. म्हटलं, आत्याशी या घरातलं कोण बोललेलं तेव्हा?
हा विषय आमच्याकडे काढायचा नसतो.

२१ मे
काढायचा नसतो म्हणूनच लिहितेय.
बाबांची ही एकुलती एक बहीण, विठ्ठलवाडीला असते. तिचा छोटू झाल्यावर तिनं बोलणं सोडलं, जेवण सोडलं, केसांना फणी लावेना. आम्ही जगाला सांगितलं, अशक्तपणा आहे. टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं, दर आठवड्याला. मी छोटूला घेऊन बाहेर बाकावर बसायचे. दार बंद. एकदा आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. मी घाबरले. बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि रस्त्यात म्हणाली, "वडापाव खाऊया का गं?" कित्येक महिन्यांत तिनं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. आत काय झालं ते मला आजही माहीत नाही. ते शिकायचंय. बस.

२४ मे
आत्याकडून त्याच मॅडमचा नंबर घेऊन फोन केला. वाटलं होतं, शाबासकी मिळेल. मिळाली, आणि वर: "गणित सोडू नकोस हं. पुढे सायकॉलॉजीत संख्याशास्त्र सुटत नाही."
दहावीत मला सगळ्यात कमी मार्क गणितात. आर्ट्सला गेलं की ही ब्याद टळली, असं धरून चालले होते. दिवसभर चिडचिड. आईवर विनाकारण ओरडले.

२७ मे
ठरलं. इंग्रजी, मराठी, सायकॉलॉजी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि गणित. हो, गणित. आता कुणी म्हणून दाखवा, पोरगी अभ्यासाला घाबरून आर्ट्सला गेली.
गंमत म्हणजे आर्ट्सला गणित देणारी कॉलेजं शोधावी लागतायत. ठाण्यात मला एकही सापडलं नाही. कल्याणला एक आहे.

१ जून
विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार. ट्रॉफी, गुलाब, आणि माईकवर सांगायचं, पुढे काय होणार. माझ्या आधीचा इंजिनियर होणार होता. टाळ्या. मी म्हटलं, "फ्लेक्सवर चुकीचं छापलंय. मी आर्ट्सला जातेय. मला सायकॉलॉजिस्ट व्हायचंय."
टाळ्या नाहीत. अध्यक्षकाकांनी माईक घेतला. "म्हणजे वेड्यांची डॉक्टर! चालेल चालेल, आपल्याकडे गिऱ्हाईक भरपूर."
हशा. बाबा खाली बघत होते. मी माईक परत मागितला, दिला नाही.
आणि बायकांच्या बाजूनं, सत्काराला आलेली आत्या उभी राहिली. "मी जायचे अशाच एका मॅडमकडे. वर्षभर. मी वेडी आहे का, काका?"
काका "तसं नाही गं ताई" म्हणत राहिले. आत्या खाली बसली आणि छोटूचं तोंड पुसायला लागली. इतका अभिमान मला कुणाचाच वाटला नव्हता.

२ जून
बाबा बोलत नाहीत. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही.
आत्याचा फोन: "माझ्यासाठी हा विषय घेऊ नको हां. तुला आवडत असेल तरच घे." रात्रीपर्यंत तेच डोक्यात. आवडतं? हो. आत्या बरी झाली नसती तरी आवडलं असतं. मला माणसं समजून घ्यायचीयत. बाबासुद्धा.

८ जून
ऑनलाइन फॉर्म भरला. शाखा: कला. ओटीपी बाबांच्या फोनवर येतो. त्यांनी पेपरातून मान वर न करता आकडे वाचून दाखवले. तेवढंच बोलले. मी तो होकार धरलाय.

३० जून
यादी लागली. कल्याणचंच कॉलेज. आई म्हणाली, "रोज एवढ्या लांब?" हो, रोज एवढ्या लांब.

२ जुलै
प्रवेश घ्यायला बाबा आले, न सांगता. खिडकीवरच्या सरांनी विषय बघितले आणि पेनच खाली ठेवलं. "सायकॉलॉजीला सध्या शिक्षक नाहीत. आणि आर्ट्सला गणित? तू एकटीच आहेस. इतिहास-भूगोल घे, सगळ्या मुली तेच घेतात."
म्हटलं, माहितीपत्रकात दोन्ही विषय छापलेत.
"छापलेत गं. छापायला काय जातंय."
मी हलले नाही. मागे रांग कुरकुरायला लागली. सर बाबांकडे वळले, "तुम्ही तरी समजवा हिला."
वाटलं, आता बाबा त्यांच्या बाजूनं बोलणार, सगळं संपणार.
बाबांनी रुमालानं मान पुसली. "समजवून झालंय सर. महिनाभर समजवतोय. ती सांगते तेच लिहा."
सरांनी लिहिलं. पण पंधरा दिवसांत शिक्षक आले नाहीत तर विषय बदलावा लागेल, असं बजावलं.
फाटकाबाहेर बाबा म्हणाले, "नाहीच आले शिक्षक तर?"
"तर परत येऊन भांडायचं."
त्यांनी प्रवेशाची पावती घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "सोमवार सोडून ठरव. सोमवारी मला सुट्टी मिळत नाही."