अकरावी ब मधला पडदा

सोमवार, १८ जुलै

फळ्यावरच पडदा ठोकला. माझ्या फळ्यावर! बावीस वर्षं डोंगरातल्या या रुतेंग गावच्या शाळेत फिजिक्स शिकवतोय, आणि आजपासून या पडद्यावरून शिकवणार दूर सुराबाया शहरातली कुणी देविना. वय फार तर सव्वीस. उगाच हसते.

मी काय करायचं? मुख्याध्यापिका इबू कोर्दुला म्हणाल्या, "पाक हिलारियुस, तुम्ही हजेरी घ्या, पोरं झोपणार नाहीत तेवढं बघा. बाकी ती बघेल." वर हेही — "तुम्हालाही जरा आराम."

आराम मेल्यावर करीन.

गुरुवार, २१ जुलै

देविनाने वजन किलोत सांगितलं. अकरावीला! उठलो, पडद्यापुढे उभा राहिलो, वस्तुमान वेगळं, वजन वेगळं, म्हणून सांगू लागलो. मागून आवाज — "पाक गुरू, जरा बाजूला व्हा ना, ताई दिसत नाहीये."

वर्ग हसला. ताई म्हणे. बाईंना इबू म्हणायचं, सरांना पाक, ही इथली रीत. या देविनाने रुतेंगचं धुकं तरी पाहिलंय का कधी?

मी बाजूला झालो. झालो, हेच खुपतंय.

बुधवार, ३ ऑगस्ट

देविनाच्या चुका आजवर अकरा. तारीखवार लिहून ठेवतोय. इबू कोर्दुलांच्या टेबलावर आपटणार आहे.

सोमवार, १५ ऑगस्ट

पहिली चाचणी. कॉम्प्युटरवरच प्रश्न, कॉम्प्युटरवरच उत्तरं, मार्कही तोच देतो. मी नुसता वर्गात फेऱ्या मारत होतो, राखणदारासारखा.

पहिली कोण? एमेरेनसियाना! शंभरात चौऱ्याण्णव. गेलं वर्षभर दहावीत माझ्याकडे होती. पस्तीस मार्कांच्या वर कधी गेली नाही. शिकवताना टक लावून तोंडाकडे बघत बसायची, आणि प्रश्न विचारला की भलतंच उत्तर. मी तिला भरवर्गात दगड म्हटलंय. दगड चार आठवड्यांत हुशार होत नाही.

कॉपी. दुसरं काय असणार?

गुरुवार, १८ ऑगस्ट

आज तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. समोर कोरा कागद. पाच प्रश्न तोंडी सांगितले, खिडकीबाहेर बघत, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून काही ताडायला नको. प्रश्न मी तोंडीच सांगतो, पहिल्यापासून.

दोनच उत्तरं लिहिली. त्यातलं एक मी न विचारलेल्या प्रश्नाचं.

कागद उचलता उचलता म्हणालो, "कॉपी केली होतीस ना?" तिने मान हलवली. हो म्हणून. रडली नाही, काही नाही. उलट जरा हसलीच. निर्ढावलेली पोर!

कागद आणि चुकांची यादी, दोन्ही घेऊन तडक इबू कोर्दुलांकडे. "बघा, तुमचा पडदा पोरांना हे शिकवतो." त्यांनी कागद वाचला. मग म्हणाल्या, "तिने स्वतः कबूल केलं?"

"माझ्यासमोर."

"मग शून्य द्यावं लागेल. आईला बोलावून घेते."

आज कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं. बायकोने विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

एमेरेनसियाना आली नाही. पडद्याबद्दल फेरविचार करू, असं इबू कोर्दुला स्वतः म्हणाल्या. मी जिंकतोय.

सोमवार, २२ ऑगस्ट

तिची आई आली होती. भाजी विकते, बाजारातूनच सरळ आलेली. भांडायला तयार होतो मी. ती भांडली नाही.

"तिला ऐकू आलं नाही की ती मान हलवते, पाक गुरू. ओठ दिसले तर थोडंफार कळतं तिला. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता. ती पडद्यावरची बाई बोलते ते सगळं खाली लिहून येतं. पोरगी पहिल्यांदा घरी येऊन आम्हाला शिकवायला लागली होती."

मी म्हणालो, "मग हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. गेल्या वर्षी, शाळेच्या पहिल्या दिवशी. तुम्हालाच. तुम्ही हो हो म्हणालात."

इबू कोर्दुलांकडे गेलो. तिचे मार्क परत लावायला सांगितले. का, ते त्यांनी विचारलं. सांगितलं.

तेव्हापासून गेल्या वर्षीचा तो पहिला दिवस आठवून बघतोय. तिची आई काही आठवत नाही.