एकतीस तारीख आणि ह्यांची सही

१९ ऑगस्ट, बुध.

बँकेत जाऊन आले. मोटरवाल्या शिलाई मशिनींचं लोन होईल म्हणाला मॅनेजर. मिल बंद पडलेल्यांच्या घरांसाठी जी स्कीम निघाली आहे, तिच्यात ह्यांच्या नावाचा अर्ज आहे. "बस बहनजी, इस साल के इनकम टॅक्स रिटर्न की पावती लगा दो, ठप्पेवाली." यादी एक तारखेला वर जाते. रिटर्नची शेवटची तारीख एकतीस. पावती नाही तर यादीत नाव नाही, सीधी बात.

आजवर रिटर्न म्हणून भरलं नाही. ह्यांच्या पगारातून काय कापायचं ते मिल कापायची. जुन्या इंदूरच्या गल्लीत परकर आणि शाळेचे ड्रेस शिवणाऱ्या बाईला इनकम टॅक्सवाले कशाला विचारतात, असं धरून चालले होते. आता आपणच त्यांच्या दारात जायचं.

२० गुरु.

तुकोगंजला वकीलसाहेबांकडे गेले. गल्लीतल्या सगळ्यांचे टॅक्सचे कागद तेच करतात. बाहेर बाकावर ही गर्दी! सगळ्यांची तीच एकतीस. आमचं पाकीट उघडून बघितलं, हसले. "ये क्या है, बहनजी, बिल के पीछे बिल का हिसाब?" मग काय करू? कागद काय झाडाला लागतात? पण माणूस कामाचा. म्हणाले परवा फॉर्म तयार ठेवतो, घरवाल्यांची, म्हणजे ह्यांची, सही करून आणा, बाकी मी बघतो. सहीचंच राहिलं म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.

येताना वांगी आणली. दोन दिवसांनी आज जेवण गेलं.

२२ शनि.

फॉर्म आणला. जेवण झाल्यावर ह्यांच्यासमोर ठेवला. वर ह्यांचं नाव, खाली 'प्रोप्रायटर'. वाचलं आणि चटका बसल्यासारखा पेन खाली ठेवला.

"मी सही नाही करणार."

का? तर मिलच्या गेटवर युनियनचे नेताजी म्हणाले आहेत, सरकारी कागदावर जो दुसरी कमाई दाखवील, त्याचा मिलवरचा हक्क गेला. केस कोर्टात आहे. उद्या मिल चालू झाली तर त्याला घेणार नाहीत, नाही झाली तर थकलेल्या पैशांचा हिशेब मिळायचा नाही.

म्हटलं, नेताजी वकील आहेत का?

"तू आहेस का?"

नीलू मध्ये पडली, पप्पा, कॉलेजमधल्या सरांना विचारते. तर तिच्यावर ओरडले. पोरीवर कधी ओरडत नाहीत. नंतर स्वतःच उठून तिला लिंबाचं सरबत करून दिलं. मला नाही विचारलं.

२४ सोम.

वकीलसाहेबांना विचारलं, नेताजी म्हणतात ते खरं का. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. "मेरे हिसाब से ऐसा कुछ नहीं है. पर कोर्ट में सामनेवाला वकील क्या निकाल के लाएगा, वो मैं लिख के नहीं दे सकता."

झालं! म्हणजे ह्यांना खोटं पाडायची सोय पण नाही. हे म्हणतात ते मूर्खपणाचं आहे असं रात्रंदिवस घोकत होते, आता ते पण धड राहिलं नाही. सव्वीस वर्षं साचाखात्यात मागांवर काढली ह्यांनी. ती एका सहीत गेली तर हा माणूस मला आयुष्यभर माफ करणार नाही. आणि सही नाही झाली तर आपण खायचं काय?

घरी व.सा.चं बोलणं सांगितलं. अर्धंच सांगितलं, पहिलं वाक्य. ह्यांनी लगेच विचारलं, "आणि पुढे काय म्हणाले?" ओळखतात मला.

२६ बुध.

मिलच्या आवारात जाऊन आले. फॉर्म पिशवीत घालूनच गेले होते. चार लोकांसमोर नाही म्हणणार नाहीत, असा माझा डाव.

मिल बंद, भोंगा बंद, पण अनंत चौदसच्या मिरवणुकीत मिलची झांकी, देखाव्याची गाडी, निघणारच. चंदा गोळा करून बांधून राहिलेत सगळे. हे बांबूच्या परांचीवर चढलेले, राक्षसाच्या मानेत सायकलची चेन बसवत होते. खालून कोणी मोटर चालू केली, मान गर्रकन वळली, डोळ्यातले बल्ब लागले. काय ते ओरडणं सगळ्यांचं! ह्यांनी मला बघितलं आणि वरूनच म्हणाले, "बघ, पुन्हा फिरवतो."

पुन्हा फिरवली. माझ्यासाठी.

घरात दहा महिने हा चेहरा बघितला नाही मी. भिंतीला टेकून बसतात, विचारलं तर हूं करतात. आणि इथे सगळे वसंतदादा, वसंतदादा करून राहिले. कोणी चहा आणून दिला, "भाभीजी, आपके बिना तो ये घर नहीं जाते होंगे" म्हणे. मी पण हसले. फॉर्म पिशवीतच राहिला. नाही काढवला.

रागही आला. तिथे मान फिरते आणि घरात हाताने पेन फिरत नाही?

२८ शुक्र.

आजचा दिवस फारच वाईट. दोन गोष्टी.

एक, शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलं. दिल्लीचा रेडीमेडवाला येऊन गेला, थंडीचे ड्रेस सगळे द्यायला तयार आहे, डब्यात घालून, नंबराप्रमाणे. "बाजार खुला झालाय कुमुदताई, आता मला पालक विचारतात, शिंप्याकडे मापं द्यायला का जायचं?" तरी म्हणाल्या, दिवाळीपर्यंत मशिनी बसवल्या तर तुमचंच. चांगल्या आहेत. पण मशिनी बसल्या तर. ही शाळा गेली तर दुकानात नुसते परकर. माझ्याकडे शिवणाऱ्या शांताबाई आणि तिची नणंद दोघींना घरी बसवावं लागेल, आणि मग मी पण त्यांच्याच रांगेत.

दुसरं, सोमवारी एकतीसला गणेश चतुर्थी! माझ्या डोक्यातच हे नव्हतं. घरात गणपती आणायचा हे ठाऊक, तारीख ठाऊक, पण दोन्ही एकच दिवस आहेत हे आज व.सा.च्या मुनशीने सांगितल्यावर कळलं. उद्या शनिवार, ऑफिस बंद. सोमवारी? "केंद्र का दफ्तर है, खुला होना चाहिए." होना चाहिए म्हणजे काय, भिया? आहे की नाही ते सांग ना! तर म्हणे जाकर देखना पडेगा.

घरी आल्यावर मी बोलायला नको ते बोलले. म्हटलं, मिल मेली आहे. मेलेल्याला किती दिवस पाणी पाजणार तुम्ही?

ह्यांनी पायात चपला घातल्या आणि गेले. कुठे ते माहीत आहे. नीलू माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

३० रवि. हरतालिका.

निर्जळी उपास. नवऱ्याचं आयुष्य मागायचं आणि नवऱ्याशी दोन दिवस अबोला. हसावं की रडावं.

पूजा उरकून व.सा.च्या घरी गेले. रविवारीही दिवाणखान्यात लोक. म्हटलं, ह्यांची सही मिळत नाही, आता सांगा काय करू. डोकं गरगरत होतं, त्यांच्या मिसेसने पाणी पुढे केलं, उपास आहे म्हटल्यावर पंखा माझ्याकडे वळवला.

वैतागून विचारलं त्यांनी, "दुकान का गुमास्ता किसके नाम है?"

"माझ्या." दुकानाचं गुमास्ता लायसन काढायचं होतं तेव्हा ह्यांची दिवसपाळी. मी गेले, माझं नाव लागलं.

"कपडा कौन लाता है? काम कौन देता है?"

"मीच."

"तो दुकान आपका है! पहले क्यों नहीं बताया?"

तुम्ही विचारलंच नाही, म्हटलं. खरं तर मला पण कुठे सुचलं? घरात पुरुष आहे तर कागद पुरुषाच्या नावाने, असं व.सा. धरून चालले, बँक धरून चालली, मी पण. दुकान तीन वर्षं मी चालवते आणि मालक कोण विचारलं तर माझंच बोट ह्यांच्याकडे! इतका राग आला स्वतःचा.

तिथेच नवा फॉर्म केला. सही मी केली. बँकेचा अर्ज मात्र ह्यांच्या नावाचा आहे. त्याचं काय, विचारलं. "एक-एक करके, बहनजी."

ह्यांना सांगितलं. तुमची सही नको आता. मिलच्या केसला धक्का नाही. माझ्याच नावाने भरते.

वाटलं, सुटल्यासारखं वाटेल ह्यांना. फॉर्म हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, "म्हणजे माझं नाव कुठेच नाही का?"



३१ सोम. चतुर्थी.

गणपती बसवला. आरतीत माझं लक्ष नाही, दोनदा तेच कडवं म्हटलं. मोदक नीलूवर सोडले आणि निघाले, तर हे लूना काढून उभे. एवढंच म्हणाले, "बस मागे."

वाटभर ढोल, ठेल्यांवर मूर्ती, रस्ता जाम. ऑफिस बंद असेल तर मी तिथेच पायरीवर बसून रडणार होते, ठरवलंच होतं.

उघडं होतं. रांग बाहेर रस्त्यापर्यंत. उन्हात उभे राहिलो. हे माझी पिशवी धरून. पुढचा माणूस खिडकीवर भांडायला लागला तेव्हा वाटलं आता खिडकी बंद करतात. आमचा नंबर आला तर बाबूने कागद माझ्या हातातून घेतला आणि बोलला ह्यांच्याशी. "आपका ही है ना? दुकान के मालिक?"



हे म्हणाले, "मालक ही आहे." मग त्याला समजावं म्हणून हिंदीत. "मालिक ये हैं. मैं मिल का हूँ."

बाबूने वर बघितलं पण नाही. ठप्पा मारला.

बाहेर आल्यावर ह्यांनी पावती स्वतः घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, चहा घ्यायचा? म्हणाले, झांकीवर जायचंय, तुला आधी घरी सोडतो. मी चहा घेतलाच नाही. घरी येऊन खूप रडले. का ते धड कळत नाही. काम तर झालं.

१ सप्टें., मंगळ.

बँक उघडायच्या आत दारात. मॅनेजरने पावती बघितली, अर्ज बघितला. "नाम तो अलग-अलग है."

सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, नवा अर्ज आत्ताच तुमच्या नावाचा करू, आजच्या डाकेत घालतो. वरचे मान्य करतील की नाही, सांगता येत नाही. बाईचं नाव, पहिलंच रिटर्न, हजार प्रश्न काढतील. दिवाळीच्या आत कळेल का? "देखते हैं."

मग एकेक विचारत स्वतः भरत गेला. नाव, पत्ता, दुकान. "पति क्या करते हैं?"

शुक्रवारीच ह्यांच्या तोंडावर बोलले होते ना मी, मिल मेली म्हणून? मॅनेजरला ठाऊकच आहे. ही स्कीमच त्यासाठी आहे. पेन धरून थांबला होता. 'कुछ नहीं' एवढंच म्हणायचं होतं.

म्हटलं, "मिल में हैं."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मिल तो बंद है, बहनजी."

"मुझे मालूम है. आप लिखिए."