पोट सुटलेलं शीड

२८ जून, शनिवार

बुकिंगच्या वहीत लिहितोय. पावसाळ्यात मंडपाला बुकिंग नसतं आणि कोरं पान मला बघवत नाही.

लिलावात लोखंडी पाइप घ्यायला गेलतो. कुठलातरी बोटिंग क्लब बंद पडला, त्याचं सामान. पाइपांच्या ढिगाखाली होडी निघाली. शिडाची! छोटीच, नीट बसलं तर तीन माणसं. तिथला माणूस म्हणाला, हिला डिंगी म्हणतात. पाइप तिथंच राहिले, डिंगी टेम्पोत आली.

माजलगावात एवढं मोठं धरण, आणि शिडाची होडी एकाकडेही नाही. लोकांना दृष्टी नाही.

२९ जून, रविवार

सकाळपासून दारात माणसांची रीघ. कुणी पपईच्या पानांचा रस आणलाय, कुणी किवी. झालं असं की मालननं शेजारी सांगितलं, "आमच्या ह्यांनी डेंगी आणली." मी धडधाकट उभा, तरी विचारतात, प्लेटलेट किती? खुलासा केला, तर म्हणाले, तापात असं बोलतंय माणूस.

रस प्यालो. लोकांचं मन मोडू नये.

२ जुलै, बुधवार

गोडाऊनमध्ये होडीचं शीड उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. पिवळं पडलंय ते जाऊ द्या. मधे सगळं पोट सुटलंय. चारी बाजूंनी कितीही ओढा, मधे ढिलंच. शिवणाऱ्यानं कापडाच्या कळ्या वाकड्या कापल्या असणार. क्लब का बुडाला ते कळलं.

कापडाला पोट सुटलं की मंडप गेला, हा या धंद्याचा पहिला नियम. पोटात पाणी साचतं, मग ते कुणाच्या तरी डोक्यावर येतं. कुणाच्या, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या अंजलीच्या लग्नात अवकाळी आली आणि नेमकं व्याह्यांच्या खुर्चीवरचं पोट फुटलं. अख्ख्या माजलगावात माझा मंडप, आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात व्याही ओले! तेव्हापासून शिवशंकरराव आमच्या घरी येताना छत्री आणतात. उन्हाळ्यात पण. घरात आल्यावर सिलिंगकडे बघतात, मग बसतात.

नवं शीड मी स्वतः करणार. कापडातलं मला कळतं. कसलेल्या ताडपत्रीवर टिचकी मारली की मी डोळे मिटून सांगतो कुठला कोपरा ढिला आहे. कान आहे माझा.

जुनं शीड मालनला दिलं. काहीतरी झाकायला होईल.

६ जुलै, रविवार

परळीला अंजलीकडे जाऊन आलो. शिवशंकरराव थर्मलमधून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे बोलताना समोरच्याकडे मीटरकडे बघावं तसं बघतात. मी डिंगीचा विषय काढला. चहा ठेवून म्हणाले, "व्याही, आजवर तुम्ही आमच्यावर वरून पाणी सोडलं. आता खालून सोडणार का?"

सगळे हसले. जावई जीवनरावही हसले. अंजली आत गेली, पण तिचा हसण्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू येतो.

मग मी उभा राहिलो आणि बोललो. पंधरा ऑगस्टला तुम्हाला होडीत बसवून या काठावरून पलीकडच्या बाभळीपर्यंत नेतो. वल्हं न मारता. नुसत्या शिडावर. नाही नेलं तर होडी देऊन टाकीन.

"कुणाला?" म्हणाले. इंजिनिअर माणूस, स्पेसिफिकेशन लागतं.

धरणावरचा मासेवाला शहादेव डोळ्यांसमोर आला. म्हणालो, शहादेवला.

घरी येईपर्यंत शहादेवला परळीहून फोन गेलता. त्याचा निरोप आला: "शेट, देणारच असाल तर लवकर द्या. बर्फ टाकायला लई बरी हाय."

त्या होडीत बर्फ? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

१३ जुलै, रविवार

हरिओमनं शीड शिवून दिलं. हरिओम आमचा मशीनवाला, कनाती आणि बॅनर त्याच्याच हातचे. निळी ताडपत्री, दुहेरी शिलाई, कडेनं दोर ओवायला पितळी डोळे. डोलकाठीला आणि खालच्या आडव्या दांड्याला असं कसलं की टिचकी मारताच हलगी वाजावी. सपाट. त्यावर लाटून पोळी करता येईल.

दुपारी पाण्यात उतरवली. होडी गेली. पुढे नाही, आडवी गेली आणि धरणाच्या भिंतीच्या दगडांना लागली. परत लोटली, परत तिथंच.

पाण्यावरून आवाज लांब येतो हे लोकांना माहीत नसतं. शहादेव आपल्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून दुसऱ्या मासेवाल्याला विचारत होता, "बे, शेटची बोट खेकड्यागत काहून चाललीय?" तो म्हणाला, "शेटला मंडप रोवायची सवय हाय, ते जागा बघत हायत."

वाऱ्याचा दोष आहे. इथल्या वाऱ्याला शिडाची सवय नाही. हळूहळू लागेल.

२० जुलै, रविवार

निदान झालं. कापड हलकं पडलं. जास्त जीएसएमची ताडपत्री घेतली, ट्रकवर टाकतात ती, आणि आडवे पाइप घातले, म्हणजे वाऱ्याच्या बापानं पोट काढायचं नाव नको. शीड आता दणदणीत. उचलायला दोन माणसं लागली.

संध्याकाळी ७

आडवी झाली. होडी. आणि मी पण. मालननं बळंच लाइफ जॅकेट घालायला लावलं होतं. घालणारच होतो. शहादेवनं मला तराफ्यावर ओढून मरळ माशांशेजारी झोपवलं. काठावर आल्यावर गिऱ्हाइकानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माशांकडे.

शहादेव होडी उलटी धरून आतून निरखत होता. "आत जागा लई हाय," म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२१ जुलै, सोमवार

अंगाला मासळीचा वास. मालननं ताट ओसरीत दिलं. जेवताना म्हणाली, "जुनं शीड लावून बघा की एकदा. त्या क्लबवाल्यांनी काय उगंच शिवलं असंल?"

शांतपणे समजावलं की त्याला पोट सुटलंय.

तिनं माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "पोट सुटलं म्हणून टाकून द्यायचं असतं, तर मी काय काय टाकलं असतं."

हा विषय मंडपाचा आहे, बाईमाणसाचा नाही. भात परत मागितला नाही. निषेध म्हणून. म्हणजे एकदाच मागितला.

२७ जुलै, रविवार

हरिओमला विचारलं, होडी आडवी का होते? तो म्हणाला, "शेट, आपण वाऱ्याला वाटच दिली न्हाई. बॅनरला चंद्रकोरी कापतो का न्हाई? न्हाईतर सगळा सांगाडा खाली येतो."

हे मला आधीच सुचलं होतं, फक्त हरिओम आधी बोलला. चौकातल्या प्रत्येक मोठ्या फ्लेक्सला आम्ही अर्ध्या चंद्राच्या आकाराची भोकं पाडतो. वारा त्यातून निघून जातो, आणि वाढदिवसवाले जागेवर राहतात. तेच तत्त्व.

पुन्हा हलकी निळी ताडपत्री. कसलेली. वर चंद्रकोरी.

३ ऑगस्ट, रविवार

मोठं यश! होडी अजिबात कलली नाही. वारा सुटला, बायाबापड्यांचे पदर उडाले, काठावरच्या बाभळी वाकल्या, आणि होडी जागच्या जागी. एवढी स्थिर होडी या धरणानं पाहिली नसेल. अर्धा दिवस बसलो. बगळा येऊन डोलकाठीवर बसला, त्याला पण भरवसा वाटला.

आता फक्त पुढे जाण्याचं बघायचं.

शहादेव काठावरून ओरडला, "शेट, नांगर टाकलाय का?"

नांगर नाहीच होडीला. पण ते त्याला कशाला सांगा?

१० ऑगस्ट, रविवार

अंजलीचा फोन. "अप्पा, मामंजी खरंच येणार आहेत. नव्या चपला आणल्यात, पाण्यातल्या. चिडवतात, पण रोज हवामान बघतात. नको असलं तर आत्ताच सांगा, मी काहीतरी कारण काढते."

मी म्हणालो, कारण काढायला तुझा बाप काय लेचापेचा आहे? रामकिसन मंडपवाल्यानं दिलेली तारीख आजवर चुकलेली नाही. खांब उशिरा आले असतील, माणसं उशिरा आली असतील, तारीख तीच राहिली.

ती मग म्हणाली, "माझ्या लग्नाचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, अप्पा."

मी काही लावून घेतलेलं नाही. नुसतं रात्री पाऊस आला की उठून बसतो, एवढंच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी

झेंडावंदन झालं. झेंडा काय फडकला! असा वारा वर्षात एकदाच मिळतो. आज होणार. शीड टिचकी मारून तपासलं. आवाज पक्का.

१५ ऑगस्ट, संध्याकाळी

सगळं जसं झालं तसं लिहितो. स्वतःशी खोटं बोलायची मला सवय नाही.

परळीहून मंडळी आली. शिवशंकरराव लाइफ जॅकेट घालून, नव्या चपला, काखेत छत्री. म्हटलं, होडीत छत्री कशाला? म्हणाले, "तुमच्या कापडाखाली बसायचंय ना." आम्ही दोघं बसलो. वारा आला. चंद्रकोरींतून शिट्ट्या मारत गेला. होडी तिथंच. व्याही बाभळीकडे बघत होते, बाभूळ आमच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "रामकिसनराव, आपण निघालोय का?"

काठावर शहादेव बर्फाची लादी घेऊनच आलता. पोत्यात गुंडाळलेली. लादी विरघळत होती, त्यामुळे तो घाई करत होता.

मग ऊन तापलं. मालन काठावरून म्हणाली, "अहो, व्याह्यांना ऊन लागतंय. ते कापड तरी काढा आणि सावली करा." एवढं बोलणं मला पुरेसं होतं. होडी काठाला घेतली, निळं शीड उतरवलं, बांबू रोवले, चार दोर. हे काम मला झोपेत येतं. पाठमोरा होऊन एकेक दोर कसत होतो. टिचकी, कस. टिचकी, कस. शेवटच्या कोपऱ्यावर आवाज असा लागला की डोळे भरून आले.

तेव्हा ध्यानात आलं, मागं आवाज नाहीत. शहादेवचा नाही, मालनचा नाही. फक्त अंजलीचं हसणं, आणि ते लांब लांब चाललंय.

वळून बघितलं. होडी पाण्याच्या मधोमध. अंजली सुकाणूला, व्याही पुढे, चपला हातात. डोलकाठीवर ते जुनं पिवळं शीड. मालननं ते जेवणाला बसायला अंथरायचं म्हणून आणलं होतं, आणि मी दोर कसत असताना दोघींनी मिळून चढवलं. त्याचं पोट असं गच्च फुगलं होतं जसं वारं प्यालेलं वासरू. फडफड नाही, टणटण नाही. काहीच आवाज नाही. असं कापड मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

बाभळीला टेकून परत पण आली. वल्हं काठावरच होतं.

शहादेव म्हणाला, "बोट गेली खरी. पण बोली शेटनं न्यायची हुती. शेट तर इथं हायत." बर्फाकडे बघून म्हणाला. मी छाती काढून सांगितलं की होडी माझी, पोरगी माझी, व्याही माझे, मीच नेली. व्याह्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: होडीत बर्फ टाकायचा नाही. इतका भिजलेला आणि इतका खुश माणूस मी आधी पाहिला नव्हता. अंजलीच्या लग्नात अर्धाच पाहिला होता.

मग माझ्या छताखाली पंगत बसली. शिवशंकरराव वर बघतच बसले. "रामकिसनराव, एका जागी सुद्धा पोट नाही. फर्स्टक्लास काम." छत्री मिटून बाजूला ठेवली! त्या लग्नानंतर पहिल्यांदा! मी मालनकडे बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

पहिल्या घासालाच सर आली. छतात थेंबभर पाणी साचलं नाही. सगळं चंद्रकोरींतून खाली आलं. नेमकी मोठी चंद्रकोर व्याह्यांच्या ताटावर होती.

त्यांनी छत्री उघडली. जेवण मात्र पूर्ण केलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

शांतपणे विचार केला. शीड बदलायचा निर्णय बरोबरच होता. निळं काढून पिवळं लावलं म्हणजे बदललंच. आणि छत कसण्यात चूक नव्हती. चंद्रकोरी हरिओमच्या.

दुपारी परळीहून अंजलीचा फोन. मामंजी आता दर रविवारी येणार. ती आणि ते, दोघंच. "तुम्ही बसलात की होडी जड होते, अप्पा." मी म्हणालो, मी काठावरून देखरेख करीन. कुणीतरी करायलाच पाहिजे.

मालननं ओसरीतून छत्री आणून माझ्या हातात दिली. म्हटलं, व्याही विसरले वाटतं. ती म्हणाली, "विसरले न्हाईत. तुमच्यासाठी ठेवून गेलेत."