इराने कापलेले तीन फोन

१० जून २००६, शनिवार

प्रबोधने घात केला!

इथे सिंगापुरात, क्लेमेंटीला त्याच्या भाड्याच्या खोलीत आमच्या श्रुतिकेचं रेकॉर्डिंग चालतं — खिडकीला रजई बांधून. तो लिहितो, मी इरा करते. इराला एकदाच मागच्या काळात जाता येतं — तिचा भाऊ गेला त्या दिवसात. त्याला वाचवलं तर पुढचं सगळं बदलणार, तिची मुलगी जन्मालाच येणार नाही. कुणाला ठेवायचं? तीन भाग मजेत झाले.

आज चौथा हातात आला. मरण्याआधी भावाने तीनदा फोन केला होता. मीटिंग चालू होती म्हणून इराने तीनदा कापला.

हे माझं आहे. माझं आणि माझ्या भावाचं, दिलीपदादाचं. तीन वर्षांपूर्वी पुण्यात त्याला अपघात झाला तेव्हा मी इथे आंग मो किओला ऑफिसात होते. मोबाइलवर ‘दादा’ — तीनदा! संध्याकाळी घरी आले तर अभय दारातच उभा, दादा गेल्याचा काकांचा निरोप आलेला.

फोन कापले हे अभयला, नवऱ्यालाही सांगितलं नाही. फक्त प्रबोधला सांगितलं. गेल्या महिन्यात, बसमध्ये. धाकट्या भावासारखा वाटला म्हणून.

११ जून

त्याला फोन केला.

“ताई, तुमचं नाव कुठे आहे त्यात? कुणाला कळणार?”

“मला कळतंय ना!”

“पण माझी इरा परत जाते आणि फोन उचलते. तुमच्यासाठीच लिहिलं.”

“मग आधी विचारलं का नाहीस?”

म्हणतो, “तुम्ही नाही म्हणाला असतात.”

१७ जून

रेकॉर्डिंगला गेले नाही.

१९ जून

इराचं काम आता मंडळातली अनुया करणार. प्रबोधचा एसएमएस — तो प्रसंग काढला तर नाटकच उरत नाही, सॉरी. सॉरी!

२ जुलै, रविवार

इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर चौथा भाग आला. अभयने कॉम्प्युटरवर मोठ्याने लावला. मी ओट्यापाशी भाजी ढवळत. अनुया रडली मात्र छान.

अभय म्हणाला, “काय बाई आहे ही! सख्ख्या भावाचा फोन कापते!”

मी गॅस बंद केला आणि सांगून टाकलं. सगळं.

“प्रबोधला माहीत होतं? आणि मला नाही?”

प्रबोधवर तीन आठवडे आग पाखडतेय — आणि मी काय केलं?

३ जुलै

अभय बोलत नाही. ऑफिसला निघताना एवढंच — “तुझ्या आईंना तरी सांग. त्यांना नाटकातून कळायच्या आत.”

४ जुलै

आईला फोन लावला. तीनही फोनचं सांगितलं.

ती म्हणाली, “अगं वेडे, ते मी केले होते. हॉस्पिटलमधून, त्याच्या मोबाइलवरून. दिलीप त्याआधीच गेला होता गं.”