सातिवलीचा अल्बम

विरार (पश्चिम),
रविवार, दि. ११ जानेवारी २०२६

चि. कल्पेश यास,

आशीर्वाद. धाकट्या भावाला लिहिताना तो लिहावा लागतो, म्हणून लिहिला आहे. त्यावरून माझा राग निवळला असा निष्कर्ष तू काढू नयेस. येथे सर्व ठीक. तुझ्या मनोरमा वहिनीचा गुडघा होता तसाच आहे. आमच्या वेदांतच्या लग्नपत्रिका छापून आल्या. तुमची आगाशीची पत्रिका टपालाने पाठवायची की कुणी नेऊन द्यायची, यावरून या घरात आठवडाभर कुरबूर चालू आहे आणि तिचे कारण तू आहेस.

तुझा निरोप पोचला. चौदा महिन्यांच्या अबोल्यानंतर मोबाइलवर तीन ओळी: ज्या माणसांसमोर माझ्या बायकोला, दिपिकाला बोललात त्याच माणसांसमोर शब्द मागे घ्या, नाहीतर लग्नाला आमची वाट पाहू नका. खाली आईचे वाक्य, तिच्याच बोलीत: "ती नाय, तं मी पन नाय." आईला पुढे करणे ही तुझी जुनीच रीत. सातवीत गणितात नापास झालास, तेव्हाही प्रगतिपुस्तक घेऊन दादांपुढे आईलाच उभे केले होतेस. वेदांत हा तिचा पहिला नातू. त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला तिचा हात नसेल, हे तुला चालणार असेल. मला चालणार नाही, हे तुला पक्के ठाऊक आहे. म्हणूनच ही अट घातलीस.

तेव्हा आधी काय घडले ते क्रमाने लिहितो. तुझ्या घरात क्रमाची सवय कुणाला नाही.

वाडीतल्या बावखलाच्या तळ्याचा गाळ उपसताना आपल्या वडिलांना, दादांना, क्रूसाची छाप असलेली चांदीची तीन नाणी सापडली. पुढे सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकायला जात, तिथे कुणाकडे जुने नाणे दिसले की केळ्यांच्या बदल्यात ते मागून घेत. अशी चाळीस वर्षांत चौसष्ट झाली. ती कुठे ठेवली होती? सुकेळीच्या लाकडी डब्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून. ना नोंद, ना अनुक्रम. दादा गेल्यावर मी अल्बम केला. आमच्या सातिवलीच्या कारखान्यात फायली आणि प्लास्टिकची कव्हरे बनतात. तिथे उभे राहून मी प्रत्येक नाण्याच्या मापाचा कप्पा मशीनवर शिवून घेतला. पारदर्शक, मऊ प्लास्टिक. कारण मऊ असले की ओरखडा पडत नाही. प्रत्येक कप्प्याखाली चिठ्ठी: क्रमांक, सन, वजन. नाणे नेहमी कडेने धरावे, बोटाचा घाम लागू देऊ नये, पुसू नये, धुऊ तर नयेच, हे नियम मी पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. अल्बम तुमच्या कपाटात ठेवला तो केवळ आईच्या आग्रहामुळे.

दादा लक्ष्मीपूजनाला त्यांतली पाच नाणी पुजायला काढत. ते मी बंद केले. आईने कुरकुर केली, मी ऐकले नाही. २०२४ च्या दिवाळीत पाडव्याला फराळाला आलो, तर देव्हाऱ्यापुढच्या ताटात पाच नाणी, नव्याने कल्हई केलेल्या भांड्यासारखी झगझगीत. आईच्या सांगण्यावरून दिपिकाने ती काढली आणि चिंचेने घासली. शंभर वर्षांचा नैसर्गिक रंग एका संध्याकाळी गेला. दिपिकाचे वडील आणि भाऊ समोर बसले होते, हे मला दिसत होते. तरी मी म्हणालो, "हिला नाणं आणि तांब्या यांतला फरक कळत नाही. दादांची चाळीस वर्षं हिनं चिंचेच्या कोळात बुडवली." तिच्या वडिलांनी हातातली करंजी तशीच ताटात ठेवली. दिपिका काहीतरी म्हणाली. ते इथे लिहिण्याचे कारण नाही. घासलेली नाणी पुन्हा अल्बममध्ये नकोत, असे सांगून ती पाच मी ताटातच टाकली आणि उरलेली एकोणसाठ अल्बमसकट विरारला आणली.

या पत्रासोबत मी एक लेखी अभिप्राय जोडणार होतो. पापडीचे गॉडफ्रे तुस्कानो सर निवृत्त शिक्षक आहेत आणि आपल्या भागात जुन्या नाण्यांचे त्यांच्याइतके जाणकार कुणी नाही. चिंचेने नाण्याचे किती नुकसान होते, ते त्यांनी सहीनिशी लिहून द्यावे आणि तो कागद मी तुझ्या तोंडावर टाकावा, असा बेत होता. त्यासाठीच मनोरमाला आगाशीला पाठवून पाचांतले एक नाणे मागवले. तू ते दिलेस, कशासाठी हवे हे न विचारता. विचारले असतेस तर मी खोटेच सांगितले असते.

मागच्या रविवारी अल्बम आणि ते एक नाणे घेऊन पापडीला गेलो. सरांनी आधी नाणी पाहिलीच नाहीत. त्यांनी अल्बम उघडला आणि एका पानाचा वास घेतला. नव्या रेनकोटला येतो तसा वास. मग पानावर अंगठा फिरवून तो मला दाखवला. तो चिकट झाला होता. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांब्याची तार गॅसवर लाल केली, कप्प्याच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. पोपटी नव्हे, गर्द हिरवी. "हिरवी ज्योत म्हणजे यात क्लोरीन आहे. हे मऊ प्लास्टिक हळूहळू विघटत जातं," ते म्हणाले. "त्यातून जे पाझरतं ते धातू खातं. चिंचेनं रूप जातं हो, पण नाणं राहतं. यानं नाणंच जातं."

एकोणसाठ नाण्यांपैकी एकेचाळीस नाण्यांवर हिरवा चिकट थर आहे. त्याखाली अठरा नाण्यांना खड्डे पडले आहेत. बावखलातल्या तीन नाण्यांपैकी एकावरचा क्रूस आता बोटाला लागत नाही. मग सरांनी दिपिकाचे नाणे चिंधीतून सोडवले. रंग गेलेला, घासल्याच्या रेघा उमटलेल्या. पण अक्षर न् अक्षर शाबूत. ते कसे ठेवले होते, असे त्यांनी विचारले. मनोरमाने पाहिले होते तेच मी सांगितले: सुकेळीच्या डब्यात, सासऱ्यांच्या धोतरात गुंडाळून.

"आणि ही पानं कुणी दिली तुम्हाला?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "बाजारातून घेतली."

कल्पेश, पापडीहून घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात तपासत होतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाने, चहा पाजणाऱ्या माणसाच्या घरात बसून, विनाकारण खोटे बोलावे? आणि एकदा मोजायला बसल्यावर मागचेही मोजावे लागले. दर मे महिन्यात तुमच्याकडे येऊन मी अल्बम तपासत असे. २०२२ च्या तपासणीत सात नाण्यांवर हिरवे ठिपके होते. मी ते पाहिले होते. आगाशीची हवा दमट, असा शेरा वहीत मारला आणि अल्बम मिटला; त्यानंतर तो नीट उघडून पाहिलाच नाही. कुणालाही बोललो नाही. म्हणजे त्या पाडव्याला ताटातली नाणी पाहून मला जो राग आला, तो सगळा चिंचेचा नव्हता.

दिपिका काय म्हणाली, ते लिहिण्याचे कारण नाही असे वर लिहिले. कारण आहे. ती म्हणाली, "भाऊजी, ही आमच्याकडे नाही हिरवी झाली. तुमच्या पानांत झाली, म्हणून घासावी लागली." मी उत्तर दिले होते की अल्बम शास्त्रशुद्ध पद्धतीने बनवला आहे. यावर तू काही बोलला नाहीस. स्वतःच्या बायकोची बाजू तेव्हाच, मोठ्याने घेतली असतीस, तर या चौदा महिन्यांत आणखी काही नाणी वाचली असती. हा दोष तुझा आहे आणि तो मी सोडणार नाही. तुझ्या निरोपाची भाषाही मला मान्य नाही.

येत्या रविवारी, १८ तारखेला, सकाळी अकरा वाजता आगाशीला येतो. दिपिकाच्या वडिलांना आणि भावाला बोलावून ठेव. आईला ओटीवर बसव. मी उभा राहून बोलेन, एकदाच बोलेन, आणि ते होईपर्यंत मला कुणी चहा विचारू नये. पत्रिका त्यानंतर दिपिकाच्या हातात देईन. ती घ्यायची की नाही, हे तिने ठरवावे. तू तिच्या वतीने बोलू नकोस.

एकोणसाठ नाणी आणि तुझ्याकडून मागवलेले ते एक, सोबत आणतो. सरांनी ती स्वतः सफाईच्या औषधात बुडवून तो चिकट थर उतरवून दिला आहे; खड्डे भरून येत नाहीत. कडक, वास नसलेली नवी पाने मागवली आहेत, ती यायला महिना लागेल. तोवर नाणी त्या लाकडी डब्यात राहतील. दिपिकाला विचारून ठेव, दादांच्या धोतराचे कापड किती उरले आहे. एकोणसाठ तुकडे लागतील. ते तिनेच फाडावेत, माझ्या हाताने नको.

सरांना काल फोन करून खरे सांगितले. आता तुम्हा सर्वांना सांगतो.

ती पाने ज्याने बनवली तो,
दिनानाथ